खानावळवालीची वही



आई आणि तिचा स्वयंपाक या विषयावर बोला, असं माणगावच्या या व्याख्यानमालेच्या आयोजकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना एवढंच विचारलं, की पैसे घेऊन स्वयंपाक करणाऱ्या आईवर बोललं तर चालेल का? त्यांनी लगेच होकार दिला. म्हणून माझा आजचा विषय आहे मुंबईच्या गिरणगावातली खानावळवाली. ती आपल्यातलीच. माणगाव, म्हसळा, महाड, पोलादपूर, खाली रत्नागिरी, वर साताऱ्याचा घाटमाथा, अशा मुलखांतून ती मुंबईला गेली. लालबाग-परळ-डिलाईल रोडच्या चाळीत एका खोलीत तिनं चूल मांडली आणि दहा-वीस गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घातलं. कुणी विधवा होती, कुणाला नवऱ्यानं टाकलं होतं, कुणाचा नवरा छातीच्या दुखण्यानं घरी बसला होता, तर कुणी स्वतःच गिरणीतून कमी केलेली कामगार होती. तिच्या हातचं जेवून ज्यांच्या वडिलांनी, आजोबांनी घरी पैसे धाडले, अशी कितीतरी माणसं या सभागृहात बसलेली असतील.

आपल्या माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे शिबिराला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘श्यामची आई’ ठाऊक असते. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते पुस्तक अवघ्या काही दिवसांत लिहून काढलं. त्यांची आई यशोदाबाई १९१७ सालीच गेल्या होत्या. गरिबीत मान ताठ ठेवणारी, पोटाला चिमटा घेऊन मुलाला घडवणारी पालगडची ती माउली कोकणाच्या मनात इतकी खोल बसली आहे, की आई म्हटलं की आपल्याला तीच दिसते. मीही त्या पुस्तकावर वाढले आणि आजही ते वाचताना माझा आवाज जड होतो. पण त्याच कोकणातून त्याच काळात दुसरी एक आई मूल आजीच्या हवाली करून मुंबईची वाट धरत होती. तिच्यावर पुस्तक झालं नाही. तिचं मूल तिच्या सहवासात वाढलंच नाही, ते तिच्या मनीऑर्डरीवर वाढलं.

मनीऑर्डरीवर जगणारं कोकण, असं पूर्वी सर्रास म्हटलं जायचं आणि म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चाकरमानी पुरुष असायचा. बायकाही मनीऑर्डरी पाठवत. त्यांतली एक बाई मी जवळून पाहिली आहे.

तिला सगळे मावशी म्हणत. तिचं नाव मी इथे घेत नाही, तिच्या घरच्यांचा तो अधिकार आहे. खानावळीत जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणायची पद्धत होती आणि माझे वडील तिचे मेंबर होते. ते परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे विणकर. आई आणि आम्ही भावंडं इथे काळ नदीच्या काठच्या गावात. मे महिन्यात वडील आम्हाला मुंबई दाखवायला न्यायचे, तेव्हा मुक्काम गावकऱ्यांच्या खोलीवर आणि जेवण मावशीकडे. मी प्राथमिक शाळेत होते, अक्षर बरं होतं, म्हणून मावशीनं मला तिच्या हिशेबाची वही लिहायला बसवलं. एरवी तिचा हिशेब भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांत आणि डोक्यात असायचा. डोक्यातला कधी चुकत नसे. वही तिनं ठेवली होती ती वाण्याला आणि मेंबरांना दाखवण्यासाठी, कारण बाईच्या तोंडी हिशेबावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे तिला पुरतं कळलं होतं.

तिचा दिवस कसा जायचा ते जरा सविस्तर सांगते. आईच्या हाताची चव सगळे आठवतात, त्या हाताचे तास फारसं कुणी मोजत नाही. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी तीनला, तिसरी मध्यरात्री. मेंबर तिन्ही पाळ्यांत वाटलेले. म्हणजे चूल अशी पूर्ण विझायचीच नाही. पहाटे चारच्या सुमाराला चाळीच्या नळाला पाणी यायचं. त्याआधी उठून हंडे-कळश्या रांगेत लावायच्या. मग शेगडी पेटवायची, भोंगा होण्याआधी पहिल्या पाळीवाल्यांना चहा आणि रात्रीची भाकरी. ते गेले की तिसऱ्या पाळीवाले दमून येणार, त्यांना गरम भात हवा. मध्येच डबे भरून गिरणीच्या दारात पोचवायचे. डोक्यावर पाटीत डबे रचून भराभर चालत जाणाऱ्या बायका ही गिरणगावातली रोजची गोष्ट होती. दुपारी दुसऱ्या पाळीवाल्यांना लवकर वाढायचं. संध्याकाळी बाजार. रात्री पुन्हा पंगत. खोली एकच, तिच्यातच झोपणं, तिच्यातच मोरी, आणि मेंबर जेवायला बसले की मावशीच्या अंथरुणाची वळकटी दाराबाहेर.

जेवण आपल्याकडचंच. भात, आमटी, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं, स्वस्त असतील तेव्हा ओले बोंबील. पगाराच्या आठवड्यातल्या रविवारी मटण. गणपतीहून आणि शिमग्याहून परत येणारा मेंबर तिच्यासाठी वाल, आमसुलं, सुका जवळा घेऊन यायचा. ती ते तराजूत घालायची, बाजारभाव विचारायची आणि त्याच्या महिन्यातून तेवढे पैसे वजा करायची. प्रेमानं आणलंय, राहू दे, असं मेंबर म्हणाला तरी वजा करायची. फुकट घेतलं तर फुकट द्यावं लागतं, असं तिचं रोखठोक गणित होतं.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. चौथीपर्यंत शिकलेल्या कुंडलच्या या बाईनं वाटी आणि चमच्याची मापं देऊन मराठी घरांना स्वयंपाक शिकवला. घराघरांत, लग्नाच्या आहेरांत ते पुस्तक गेलं. बाईच्या हातातलं ज्ञान छापील पानावर आलं आणि त्याला मोल मिळालं, याबद्दल मला कमलाबाईंविषयी फार आदर आहे. खानावळवालीचं ज्ञान निराळं होतं. तांदूळ रुपयाला किती आला तर आमटी किती पातळ करायची, कोण महिनाअखेर पळणार, कुणाच्या घरी आजारपण आहे म्हणून त्याच्याकडे तगादा लावायचा नाही, कोणत्या गिरणीत बदलीवाल्यांना या महिन्यात किती दिवस काम मिळालं. ही माहिती तिच्याइतकी नेमकी क्वचितच कुणाकडे असेल. ती कुठे छापली गेली नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी इथे आले तो सांगते. गिरणीतला पगार महिना भरल्यावर आणि वर दहाएक दिवसांनी हातात पडायचा. नवा कामगार पहिल्या तारखेला कामाला लागला, तर त्याच्या हातात पहिला पैसा येईपर्यंत साधारण चाळीस दिवस गेलेले असत. हे चाळीस दिवस तो काय खात होता? खानावळवालीचं. मेंबर महिनाअखेरीला पैसे देणार, ती मात्र तांदूळ, रॉकेल, कोळसा, भाजी रोज आणणार. म्हणजे कामगाराला ती बिनव्याजी उधार देत होती, आणि ते देण्यासाठी स्वतः वाण्याकडून चढ्या भावानं उधार घेत होती किंवा सावकाराकडून महिन्याच्या व्याजानं पैसे उचलत होती. गिरणी मालकाला जो माणूस रोज ताजातवाना साच्यावर हजर मिळायचा, त्याला उभा ठेवण्याचा खर्च आधी ती करत होती. मुंबईच्या कापड धंद्याच्या भांडवलात तिचा वाटा होता असं मी म्हणते, आणि ते अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. तो वहीत लिहिलेला वाटा आहे, रुपये-पैशांत.

पहिल्या गिरणीची उभारणी १८५४ साली सुरू झाल्यापासून हा धंदा गावाकडून एकट्या येणाऱ्या पुरुषांवर चालला. कुटुंब गावी, शेतीवर. त्यामुळे मालकाला कुटुंबाच्या पोटापुरता पगार द्यायची गरज पडत नव्हती. घर चालवण्याचं काम दोन बायकांनी वाटून घेतलं होतं. गावाकडची बायको शेत, म्हातारी माणसं, मुलं सांभाळत होती आणि शहरातली खानावळवाली तिच्या नवऱ्याचं पोट. माझ्या आईची आणि मावशीची गाठ क्वचितच पडे. पण माझ्या वडिलांचा संसार त्या दोघींनी मिळून केला, असं मला आता स्पष्ट दिसतं.

बायका गिरणीतही होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई असायची, बहुतेक नळ्या भरण्याच्या आणि रिळांच्या खात्यांत. रात्रपाळीवर बायकांना बंदी आली. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. नवी यंत्रं आली. मालकांनी हिशेब केला आणि बायका कमी होत गेल्या. ज्यांना गावी परतायला जमीन नव्हती त्यांच्यापैकी अनेकींनी शेगडी पेटवली. बाईनं घरात बसून रांधलं तर त्यात नवीन ते काय, असं सगळ्यांना वाटलं. त्यामुळे ती कामगारांच्या मोजणीतून गेली, युनियनच्या पावतीपुस्तकातूनही गेली.

खानावळींत जात होती, हे झाकून चालणार नाही. आपापल्या गावचे, आपापल्या जातीचे मेंबर अशीच रीत. गिरणीत तरी वेगळं काय होतं? साचेखात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि तो धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोकपणे पुढे आणला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आपल्या शेजारी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं होतं. पाण्याची आणि अन्नाची ही शिवाशिव कोकणातून गेलेल्या माणसांनी बरोबर मुंबईला नेली आणि खानावळीनं ती कितीतरी वर्षं पाळली. मावशीनं ती मोडली असं मी म्हणू शकत नाही. तिच्याविषयी मला जे प्रेम आहे त्यापोटी तिच्या पदरात नसलेलं श्रेय मी घालणार नाही.

तिच्या पदरात जे होतं तेच पुष्कळ आहे. एकटी बाई परक्या पुरुषांना जेवू घालते, म्हणजे काय, असं गावात बोललं जायचं. ती गणपतीला गावी यायची तेव्हा हे बोलणारेच पोराला मुंबईत कामाला लावण्यासाठी तिनं शब्द टाकावा म्हणून यायचे. ती शब्द टाकायची. दारू पिऊन आलेल्या मेंबराला ती ताटावरून उठवायची आणि दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला की त्याला बोलावून जेवायला बसवायची. देवळाच्या वर्गणीच्या यादीत तिनं स्वतःचं नाव घालायला लावलं. नवरा वारलेला, मुलगा लहान, तर दिराच्या नावानं लिहू, असं पंचांचं म्हणणं होतं. तिनं पैसे परत कनवटीला लावले आणि उठली. मग नाव लिहिलं गेलं. मुलाच्या बाबतीत ती मऊ नव्हती. तो तिला वर्षातून दोनदा दिसायचा, पण तिला त्याला जवळ घेताना मी फारसं पाहिलं नाही. त्याच्या फीच्या पावत्या मात्र ती पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवायची आणि मला वाचून दाखवायला लावायची. माया दाखवायची प्रत्येकाची रीत वेगळी असते. पावती हातात घेऊन बसलेली ती बाई मला आई म्हणून पुरेशी वाटते.

मी वही लिहिली ते वर्ष १९७४. डिसेंबर १९७३ च्या शेवटी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ४२ दिवस चालला. मे महिन्यात मी वही उघडली तेव्हा संपाच्या महिन्यांच्या पानांवर मेंबरांची नावं होती आणि पुढची जागा कोरी होती. जेवण चालू होतं, जमा काही नव्हतं. मावशीनं एकाही मेंबराला ताट नाकारलं नव्हतं. वाण्यानं हात आखडता घेतल्यावर तिनं गळ्यातलं गहाण टाकलं. हे तिनं मला सांगितलं नाही, वडिलांनी सांगितलं, आणि सांगताना ते खाली बघत होते. संप मिटला, पगार सुरू झाले, पण मागची बाकी फेडायला मेंबरांना कित्येक महिने लागले. काही गावी गेले ते आलेच नाहीत. बाकीवरचं व्याज मावशीनं मेंबरांकडे मागितलं नाही, सावकारानं मात्र तिच्याकडे पुरतं मागितलं.

असं गिरणगावात घरोघरी झालं होतं. आणि हे एका बाईनं पाहिलं, प्रेमाताई पुरव यांनी. गोव्यात जन्मलेल्या, कोवळ्या वयात गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या प्रेमाताई मुंबईत येऊन कम्युनिस्ट चळवळीत गिरणी कामगारांमध्ये काम करत होत्या. संपकऱ्यांच्या सभा, मोर्चे, घोषणा हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यांच्या लक्षात आलं, की संपाची ताकद जिच्या चुलीवर उभी आहे, तिच्या कर्जाचा विषय मागण्यांच्या यादीत कुठेच नाही. त्याआधी १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली होती आणि लाटणी घेतलेल्या बायका मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या होत्या. स्वयंपाकघरातला प्रश्न राजकारणाचा असतो, हे शहरानं तेव्हा पाहिलं होतं. प्रेमाताईंनी पुढची पायरी घेतली. लाटण्यावर जगणाऱ्या बाईला त्यांनी बँकेत नेलं.

१९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. १९६९ मध्ये मोठ्या १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं. १९७२ पासून अगदी गरिबांना वर्षाला ४ टक्के व्याजानं छोटं कर्ज देण्याची योजना कागदावर होती. कागदावरची ती योजना खानावळवालीच्या खोलीपर्यंत आणणं हे प्रेमाताईंचं काम. बँक विचारणार, तारण काय? घर भाड्याचं, दागिने आधीच गहाण, दुकानाचा परवाना नाही. मंडळानं शेजारशेजारच्या खानावळवाल्यांचे गट केले, त्या एकमेकींच्या जामीन राहिल्या. एकीनं थकवलं तर बाकीच्या तिच्या दाराशी जाणार. बायका हप्ते फेडू लागल्या. बांगलादेशात जोब्रा गावी मुहम्मद युनूस यांचा छोट्या कर्जांचा प्रयोग सुरू झाला तो १९७६ साली. अहमदाबादेत इला भट्टांच्या ‘सेवा’ची बँक निघाली १९७४ साली. लालबाग-परळच्या बायका या जगभर गाजलेल्या कामाच्या बरोबरीनं चालत होत्या, हे आपल्या शाळांत शिकवलं पाहिजे. आणि त्या गटांत वेगवेगळ्या जातींच्या बायका एकमेकींच्या जामीन राहिल्या, हे मला कर्जापेक्षाही मोठं वाटतं. पंगतीत जे जमलं नव्हतं, ते हप्त्यांच्या निमित्तानं जमायला लागलं.

मावशी मंडळात गेली नाही. तुम्हाला वाटेल, आता ती बँकेत जाऊन सही करते अशी गोष्ट येणार. तशी ती नाही. दुसऱ्या बाईच्या मेंबरानं तिला बुडवलं तर माझा हप्ता कसा फिटेल, असं ती म्हणाली आणि आपल्या वाण्याकडेच राहिली. मला तिचं म्हणणं कळतं. इतकी वर्षं कुठल्याही संघटनेनं, पक्षानं, बँकेनं तिला विचारलं नव्हतं. जिनं सगळं एकटीनं उभं केलं, तिला दुसरीच्या जामिनावर विश्वास ठेवायला वेळ लागणारच. स्वतंत्र बाणा असलेल्या माणसाचं हेही एक रूप आहे आणि त्याची किंमत तिनं मोजली.

प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली. त्यांची मुलगी मेधा सामंत बँकेतली नोकरी सोडून या कामात आल्या आणि १९९३ पासून त्यांनी पुण्याच्या वस्त्यांत ते वाढवलं. आईकडून मुलीकडे काय जातं याचा विचार करताना मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

लढ्याला आपल्या चुलीवरून बळ देणाऱ्या बाईचं दूर अमेरिकेतलं एक नाव मला आठवतं. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात १९५५ च्या डिसेंबरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग ही नावं आपल्याला माहीत आहेत. जॉर्जिया गिलमोर हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. सहा मुलांची आई, एका उपाहारगृहात स्वयंपाकीण. तिनं न्यायालयात बहिष्काराच्या बाजूनं साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. तिनं घरातच चूल पेटवली, जेवणं आणि गोड पदार्थ विकायला सुरुवात केली, इतर बायकांना जोडून घेतलं आणि आलेले पैसे चळवळीच्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी दिले. पैसे कुठून येतात हे कुणाला कळू नये, नाहीतर त्या बायकांच्याही नोकऱ्या जातील, म्हणून त्यांच्या मंडळाचं नाव त्यांनी ‘कुठूनही नाही’ अशा अर्थाचं ठेवलं होतं. जॉर्जिया १९९० मध्ये गेली, तोवर ती रांधतच होती. माँटगोमेरीनं तिची आठवण ठेवली आहे, तिच्यावर पुस्तकं आहेत. गिरणगावच्या संपांवरही पुस्तकं आहेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभर वर्षांच्या गिरणगावाच्या आठवणी तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकून जमवल्या, हे फार मोठं काम आहे. पण एकेका खानावळवालीचं चरित्र अजून लिहायचं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली पुन्हा गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचं कुणी जाहीरच केलं नाही. पहिले काही महिने खानावळवाल्यांनी पुन्हा उधारीवर वाढलं. मग मेंबर गावाकडे निघाले. माझे वडीलही आले. त्या वर्षी आपल्या तालुक्यात कितीतरी घरांत बाप्या माणसं एकदम दिसू लागली, भात लावणीला न सवयीच्या हातांनी उतरली. जिल्ह्याचं नाव नुकतंच कुलाब्याचं रायगड झालं होतं. सगळीकडे त्याचा उत्साह होता, आणि घराघरांत चूल कशी पेटायची याची चिंता होती. मावशीची पंगत रिकामी झाली. वहीत बाकी राहिली ती राहिली. पुढे ती घरोघर पोळ्या लाटायला जाऊ लागली, मग एका बँकेच्या कर्मचाऱ्यांचे डबे करू लागली. वय झाल्यावर गावी आली आणि इथेच गेली. मुलगा शिकला होता, नोकरीला लागला होता. तिनं जे ठरवलं होतं ते झालं.

नंतर गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, तिथे मॉल आणि मनोरे उभे राहिले. मोठ्या लढ्यानंतर गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं द्यायची योजना आली. त्यासाठी गिरणीच्या पटावर नाव असल्याचा पुरावा लागतो. आपल्या तालुक्यातली कितीतरी माणसं ते कागद घेऊन मुंबईच्या फेऱ्या मारत आहेत आणि त्यांना त्यांचा हक्क मिळालाच पाहिजे. खानावळवाली कुठल्या पटावर होती? तिच्या वारसानं कोणता कागद दाखवायचा? भिंतीवरच्या रेघा चाळीबरोबर गेल्या.

हे जुनं झालं, असं म्हणून मला थांबता येत नाही. आपल्या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत रोज दुपारी मुलं जेवतात. शालेय पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. कोरडा शिधा नको, शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला दिला. ते अन्न शिजवणाऱ्या बहुतेक बायका आई आहेत, बचत गटातल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी एकट्या घर चालवतात. महाराष्ट्रात त्यांना महिन्याला तुटपुंजं मानधन मिळतं, तेही उशिरा. धान्य वेळेवर आलं नाही, इंधनाचे पैसे थकले, तरी मुलं उपाशी जाऊ नयेत म्हणून पदरचं घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. चाळीस दिवसांची उधारी अजून चालूच आहे. पूर्वी ती गिरणीला मिळत होती, आता सरकारला मिळते.

म्हणून आयोजकांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली मागणी नोंदींविषयी आहे. या तालुक्यातल्या प्रत्येक गावाच्या मुंबईतल्या गावकरी मंडळाकडे जुन्या वर्गणीच्या वह्या, इतिवृत्तं, खोलीच्या भाडेपावत्या असतील. त्यांत जेवणाचे पैसे कुणाला दिले गेले त्याच्या नोंदी सापडतील. ऐंशीच्या पुढची जी माणसं अजून आपल्यात आहेत त्यांना विचारा, मुंबईत तुम्ही कुणाकडे जेवलात? नाव, गाव, चाळ, किती मेंबर, संपात काय केलं, एवढं लिहून घ्या. घरच्यांची हरकत नसेल तिथे ते छापा. हे काम दोन-चार वर्षांत केलं नाही तर पुढे करता येणार नाही.

दुसरी मागणी पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाविषयी आहे. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या एखाद्या बाईला इथे वक्ता म्हणून बोलवा. विषय तिलाच ठरवू द्या. मला जे मानधन देऊ केलं आहे तेवढंच तिलाही द्या, आणि त्याच संध्याकाळी द्या.